गुण आला, पण कशाचा?

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर गुडघेदुखीचा पेशंट आहे. शिरेतून औषध दिल्यामुळे तो गुंगीत आहे. सर्जनच्या हातात एक बंद पाकीट येतं. आतल्या चिठ्ठीवरून कळतं की या माणसाचं खरं ऑपरेशन करायचं नाही. सर्जन गुडघ्यावर सेंटिमीटरभराचे तीन छेद घेतो. नेहमीसारखी एकेक करून सगळी इन्स्ट्रुमेंट मागून घेतो, पाय वाकवतो, सरळ करतो. अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या कानावर सांधा धुतल्याचा आवाज पडावा म्हणून सलाइनचं पाणीही शिंपडलं जातं. खऱ्या ऑपरेशनला लागतो तेवढा वेळ जाऊ देतात आणि मगच त्याला बाहेर नेतात. ती रात्र तो हॉस्पिटलमध्येच काढतो. सांध्याच्या आत मात्र दुर्बीण गेलेलीच नसते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज झालेले 180 पेशंट होते आणि त्यांचे तीन गट केले होते. एका गटाचा सांधा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन आतून साफही केला आणि तिसऱ्याला फक्त वरवरचे छेद दिले. दोन वर्षं सगळ्यांची विचारपूस चालू होती. दुखणं म्हणा, चालणं-फिरणं म्हणा, खरं ऑपरेशन झालेले लोक खोटं ऑपरेशन झालेल्यांपेक्षा कुठेच सरस ठरले नाहीत. यात कुणाची फसवणूकही झाली नव्हती. आपल्या वाट्याला कदाचित नुसतं दिखाऊ ऑपरेशन येईल आणि त्याने गुडघ्याची झीज भरून येणार नाही, हे प्रत्येकाने आधीच लिहून दिलं होतं. पात्र ठरलेल्या 324 जणांपैकी 144 जणांनी ही अट ऐकून सरळ नकार दिला. मला तरी त्यांचा नकार अगदी समजण्यासारखा वाटतो.

ही हकीकत ऐकली की लोक दोनपैकी एका बाजूला उडी मारतात. कुणी म्हणतं, म्हणजे मुळात दुखतच नव्हतं, सगळे मनाचे खेळ. कुणी म्हणतं, बघा, मनात आणलं तर काय होत नाही! दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्ही आजारी माणसाला महागात पडतात. पहिल्यामुळे खरंखुरं दुखत असलेला माणूस खोटा ठरतो. दुसऱ्यामुळे ज्याला तातडीने औषध हवं, तो औषधावाचून बसून राहतो.

प्लासिबो म्हणजे औषधासारखं दिसणारं, पण ज्यात त्या आजारावरचं औषध नाही असं काहीही. साखरेची गोळी, मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, वरवरचे छेद, सगळं यात येतं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मी खूश करीन’ असा होतो. रोग्याच्या समाधानासाठी काहीतरी देऊन टाकायचं, अशा अर्थाने तो वैद्यकात आला. त्याचा खरा उपयोग मात्र उपचारांची परीक्षा घ्यायला झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी पर्किन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या धातूच्या दोन कांड्या फार गाजत होत्या. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की दुखणं ओढून निघतं, असा दावा होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरने 1799 मध्ये हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून घेतल्या आणि पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांनी आराम पडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी धातूच्या खऱ्या कांड्या फिरवल्या, तर तेवढाच गुण! कांड्यांच्या धातूत काही नव्हतं, हे एका दिवसात सिद्ध झालं. आज नव्या औषधाची चाचणी घेताना एका गटाला खरी आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देतात, कुणाला काय मिळालं हे पेशंटला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे.

आता हिशेबातली एक चूक बघू, कारण ती भलेभले करतात. साखरेची गोळी घेतलेल्या शंभरातल्या चाळीस जणांना बरं वाटलं, तर ते चाळीसच्या चाळीस प्लासिबोच्या खात्यावर टाकले जातात. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने 1955 मध्ये नेमकं हेच केलं. 15 अभ्यास आणि 1,082 रोगी एकत्र करून सरासरी 35 टक्के लोकांना प्लासिबोने गुण येतो, असं त्याने लिहिलं. हा आकडा पुढे कित्येक वर्षं सगळीकडे फिरत राहिला. पण गोळी घेतल्यानंतर बरं वाटलं म्हणजे गोळीमुळे बरं वाटलं असं होत नाही. सर्दी आठवड्याभरात जाणारच असते, चौथ्या दिवशी घेतलेल्या गोळीला फुकटचं श्रेय मिळतं. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो कधी? पाठदुखी अगदी असह्य झाली की. चढ-उतार असलेल्या दुखण्याच्या टोकावर आपण दवाखान्याची पायरी चढतो आणि टोकानंतर उतारच असतो. त्यात आपला भिडस्त स्वभाव. डॉक्टरांनी आपुलकीने ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं की तोंडातून ‘बरं आहे’ निघून जातं. 1997 मध्ये दोन जर्मन संशोधकांनी बीचरने वापरलेले अभ्यास पुन्हा मुळातून तपासले आणि त्यातली सुधारणा अशाच कारणांनी समजावून सांगता येते, असं दाखवून दिलं.

त्यामुळे प्लासिबोचा स्वतःचा परिणाम मोजायचा तर आणखी एक गट लागतो, ज्याला काहीच दिलेलं नाही असा. मोझलीच्या अभ्यासात तो नव्हता. म्हणून त्यावरून एवढंच म्हणता येतं की झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुण्या-साफ करण्याने काही जास्तीचं पदरात पडलं नाही. खोट्या ऑपरेशनने गुडघे बरे झाले, असं त्यातून निघत नाही.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती. 1980 मध्ये त्यातल्या फक्त प्लासिबो गटाचा हिशेब मांडला गेला. खोट्या गोळ्या नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत साधारण 15 टक्के दगावले, तर घेण्यात टाळाटाळ करणाऱ्यांपैकी 28 टक्के. म्हणजे रिकाम्या गोळीने जीव वाचवले का? तसं नाही. जो माणूस सांगितलेली गोळी न चुकता घेतो, तो इतर बाबतींतही स्वतःला जपणारा असण्याची शक्यता जास्त. जो घेत नाही, तो कदाचित आधीच जास्त आजारी असेल. गोळी इथे कारण नाही, ती नुसती खूण आहे.

ही सगळी वजाबाकी केल्यावर काही उरतं का? उरतं. लहान असलं तरी खरं आहे, आणि ते कसं घडतं हे कळल्यावर मला शरीराबद्दल नव्याने आदर वाटायला लागला.

1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेविन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. दाढ काढली, बधिरता उतरली, ठणका सुरू झाला. त्यांना वेदनाशामक म्हणून प्लासिबो दिला आणि काहींचा ठणका कमी झाला. मग नॅलॉक्सोन नावाचं औषध दिलं. मॉर्फिनसारखी जबरदस्त वेदनाशामक द्रव्यं मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतात, त्या जागा हे औषध अडवून धरतं. ज्यांना प्लासिबोने आराम पडला होता, त्यांचं दुखणं वाढलं! ‘आता बरं वाटणार’ ही नुसती कल्पनाच असती तर मॉर्फिनचा उतारा तिला कसा पुसून टाकेल? अर्थ असा की आराम मिळेल या अपेक्षेने मेंदूने स्वतःजवळची, मॉर्फिनच्या जातीची द्रव्यं सोडली होती. मनाचे खेळ म्हणून ज्याला आपण हसतो, त्या खेळाला रसायनं असतात.

पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांतही असंच दिसलं. या आजारात मेंदूत डोपामीन हे हालचालींना लागणारं द्रव्य कमी पडतं. प्लासिबो दिल्यावर त्यांच्या मेंदूत डोपामीन स्रवल्याचं 2001 मध्ये स्कॅनवर पाहायला मिळालं.

याचीच दुसरी बाजू इटलीतल्या तुरीनमध्ये फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी उलगडली. त्यांच्या प्रयोगांत औषध अस्सल होतं, लपवलं होतं ते फक्त देणं. ऑपरेशननंतर काही रुग्णांना डॉक्टर समोर उभं राहून सांगायचे की आता दुखणं थांबवायचं इंजेक्शन देतोय. इतरांना तेच औषध, तेवढंच, यंत्राच्या पंपातून गुपचूप सोडलं जायचं. गुपचूप दिलेल्या औषधाने दुखणं कमी उतरलं. आपण नुसतं औषध घेत नाही, औषध मिळाल्याची जाणीवही घेतो, आणि दोन्हींचा गुण एकत्र लागतो. अल्झायमर झालेल्या ज्या रुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग इतर भागांपासून तुटत चाललेला असतो, त्यांच्यात हा जाणिवेचा हिस्सा गळून पडतो, हेही त्यांना आढळलं. अशा माणसाला तेवढाच आराम द्यायला औषध जास्त लागू शकतं. घरात असं कुणी असेल तर ही माहिती लाखमोलाची आहे.

अपेक्षेखेरीज आणखी एक वाट आहे, सवयीची. डोकेदुखीची तीच गोळी आपण वर्षानुवर्षं घेत आलेलो असतो. त्यामुळे ती पोटात विरघळण्याआधीच, पाण्याच्या घोटाबरोबर, कपाळावरचा ताण सैल व्हायला लागतो. शरीराने गाठ बांधलेली असते की ही गोळी आली म्हणजे आराम येतो. अशा गाठीला विचार लागत नाही, श्रद्धाही लागत नाही. रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी 1975 मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजून त्याच वेळी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध टोचलं. नंतर औषध न देता नुसतं गोड पाणी पाजलं, तरी त्यांची प्रतिकारशक्ती खाली गेली. उंदराचा काही डॉक्टरवर विश्वास नव्हता.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूला उडी मारण्याचा मोह होतो. मेंदू जर स्वतःच मॉर्फिन बनवतो, डोपामीन सोडतो, तर मग औषधं कशाला? या प्रश्नाला 2011 च्या एका अभ्यासाइतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

तो बॉस्टनमध्ये झाला. दम्याचे 39 रुग्ण, आणि प्रत्येकावर पाळीपाळीने चार गोष्टी केल्या. कधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा खरा इनहेलर, कधी औषध नसलेला इनहेलर, कधी खोटं अॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचल्याचा नुसता देखावा, आणि कधी काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. दर वेळी दोन गोष्टी नोंदवल्या. एक म्हणजे रुग्णाला विचारलं, किती बरं वाटतंय? दुसरी यंत्राची. दम्याच्या रुग्णाला ही तपासणी चांगली ठाऊक असते. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं.

रुग्णांचं म्हणणं असं आलं: खऱ्या इनहेलरने 50 टक्के बरं वाटलं, खोट्या इनहेलरने 45 टक्के, खोट्या अॅक्युपंक्चरने 46 टक्के आणि काहीच न करता 21 टक्के. पहिले तिन्ही जवळपास सारखेच. यंत्राचं म्हणणं वेगळं होतं. खऱ्या इनहेलरने फुंकर 20 टक्क्यांनी सुधारली, बाकी तिन्ही वेळी सुमारे 7 टक्के. खोट्या इनहेलरने श्वासनलिका जेवढ्या उघडल्या, तेवढ्याच त्या नुसतं बसून राहिल्यानेही उघडल्या होत्या.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खोटा इनहेलर ओढलेला माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच मोकळं वाटत होतं, आणि ते नुसतं बसून राहण्यापेक्षा दुप्पट होतं. पण आत त्याच्या श्वासनलिका आवळलेल्याच होत्या. दम्याचा झटका जोराचा असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणत तो माणूस तासभर थांबेल आणि तोच तास त्याच्या जिवावर बेतेल. दुखणं, मळमळ, थकवा, धाप लागल्याची जाणीव, हे सगळं शेवटी मेंदूच आपल्याला जाणवून देतो, म्हणून प्लासिबोचा हात तिथे पोचतो. कर्करोगाची गाठ आकसणं, जंतू मरणं, मोडलेलं हाड जुळणं हे त्याच्या आवाक्यात नाही. 2001 मध्ये डेन्मार्कमधल्या दोन संशोधकांनी प्लासिबोचा गट आणि काहीच न दिलेला गट असे दोन्ही असलेले 114 अभ्यास एकत्र तपासले. त्यांनाही वेदनेसारख्या सांगून मोजायच्या गोष्टींत थोडाफार फरक दिसला. यंत्राने किंवा रक्ततपासणीने मोजायच्या गोष्टींत दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही. त्यामुळे ‘आमच्या उपचाराने हजारो लोकांना बरं वाटलं’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, वाटलं की झालं? आणि कर्करोगासारख्या आजारात हा प्रश्न मोठ्याने, न लाजता विचारायला हवा.

‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असं आपण सहज म्हणतो. हा हातगुण मोजता येतो का? टेड कॅपचक या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तो मोजला. पोट बिघडवणाऱ्या, सतत छळणाऱ्या आयबीएस या आजाराचे 262 रुग्ण घेतले. काहींना नुसतं यादीत नाव लावून थांबवलं. काहींना खोटं अॅक्युपंक्चर दिलं, पण फारसं न बोलता, कामापुरतं. उरलेल्यांना तेच खोटं अॅक्युपंक्चर दिलं, पण आधी त्यांच्याजवळ बसून, त्यांचं सगळं ऐकून घेऊन, धीर देऊन. पुरेसा आराम पडल्याचं पहिल्या गटातल्या 28 टक्के लोकांनी सांगितलं, दुसऱ्यातल्या 44 आणि तिसऱ्यातल्या 62. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक कुठल्याही गोळीचा किंवा सुईचा नव्हता. ऐकून घेण्याचा होता. पेशंटकडे मान वर करून न बघता कागद खरडणारे डॉक्टर भेटले की मला हे आकडे आठवतात आणि वाईट वाटतं, कारण आपलं चांगलं औषधसुद्धा ते थोडं कमी करून देत असतात.

मग डॉक्टरांनी पेशंटला न सांगता साखरेच्या गोळ्या द्याव्यात का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नयेत. ज्या विश्वासावर हा गुण उभा आहे, तोच पोखरून मिळवलेला आराम किती दिवस टिकणार? आणि फसवणं अपरिहार्य आहे असंही दिसत नाही. याच कॅपचक यांनी 2010 मध्ये आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी साधारण अर्ध्यांना उघड सांगून खोट्या गोळ्या दिल्या. यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनी काहींना बरं वाटतं, असं समजावून. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या 59 टक्के लोकांनी पुरेसा आराम सांगितला, तर गोळीशिवाय तेवढीच देखभाल मिळालेल्यांपैकी 35 टक्क्यांनी. अभ्यास लहान होता, मुदत थोडी होती आणि आराम पुन्हा सांगण्यावरच मोजला होता, हे लक्षात ठेवूनच त्याकडे बघावं.

अपेक्षा आराम देते, तशी ती त्रासही देते. याला नोसिबो म्हणतात, आणि त्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या हृदयविकाराचा धोका कमी करतात, पण अनेक लोक अंग दुखतं, थकवा येतो म्हणून त्या सोडून देतात. ब्रिटनमध्ये अशाच 60 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या आणि चार बाटल्या रिकाम्या. स्टॅटिनची बाटली कुठली आणि खोटी कुठली हे त्यांना ठाऊक नव्हतं. आज किती त्रास झाला याचा शून्य ते शंभरमधला आकडा रोज फोनवर नोंदवायचा.

रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी 8 आली. स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4. म्हणजे गोळी घेतल्याने त्रास दुपटीने वाढत होता हे लोकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फक्त त्या वाढीतले दहापैकी नऊ हिस्से गोळीतल्या औषधाचे नव्हते, गोळी घेण्याचे होते.

अभ्यास संपल्यावर डॉक्टरांनी या लोकांना ‘तुम्हाला काही होत नव्हतं’ असं सांगितलं नाही. प्रत्येकाला त्याच्याच बारा महिन्यांच्या नोंदी दाखवल्या, त्याने स्वतः रोज भरलेले आकडे, आणि कुठल्या महिन्यात बाटलीत काय होतं ते. सहा महिन्यांनी पाहिलं, तर 60 पैकी 30 जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं होतं.